आवाज आहे, शब्द नाहीत



माझ्याकडे २००२ सालची मारुती ८०० आहे. पंधरा वर्षं झाली तेव्हा रीतसर पुनर्नोंदणी केली, हरित कर भरला, आणि आजही ती कुरकुर न करता साताऱ्याहून पुण्याला जाऊन येते. महिन्यातून एकदा तरी जावंच लागतं, कारण माझ्या वडिलांच्या डोळ्यांचे उपचार तिथे चालू आहेत. आण्णांचं वय ८३. वाचन थांबलं तेव्हापासून त्यांचं सगळं जग कानांवर आलं आहे. गाडीत बसले की आधी बातम्या, मग एखादं भाषण, मग नाट्यगीतं, आणि त्यावर त्यांची टिप्पणी. पण मागच्या वर्षी ते गाडीत गप्प बसू लागले. रेडिओ लावला की म्हणायचे, ''बंद कर रे. आवाज आहे, शब्द नाहीत.''

मी समजलो, डोळ्यांमागोमाग आता कानही निघाले. तपासणी करून घेतली. वयोमानाप्रमाणे वरच्या पट्टीतलं थोडं कमी ऐकू येतं, बाकी कान चांगले आहेत, असं डॉक्टरांनी सांगितलं. आपल्या बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत असतात. स, श, थ, फ या व्यंजनांचा बराचसा भाग वरच्या पट्टीत असतो. तो गेला की माणूस बोलतो आहे हे कळतं, काय बोलतो आहे ते कळत नाही.

पुढच्या फेरीला मुलगा गाडी चालवत होता आणि मी प्रथमच आण्णांच्या जागेवर बसलो. बातम्या लागल्या. खरं सांगतो, मलाही निम्मे शब्द कळले नाहीत! इतकी वर्षं मी रोज तीच गाडी चालवत होतो आणि माझ्या कानाला ते कधी खटकलं नव्हतं. बिघाड हळूहळू आला की असंच होतं.

एका दुकानात गेलो. त्यांनी नवा टेप, अ‍ॅम्प्लिफायर, मागे सबवूफर असं मिळून ३२ हजारांचं अंदाजपत्रक दिलं. मी म्हटलं, मला आवाज वाढवायचा नाही, शब्द ऐकायचे आहेत. त्यावर त्या मुलाने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मीच श्रवणयंत्राच्या दुकानाऐवजी चुकून तिथे आलो आहे. घरी येऊन ठरवलं, पाच हजारांच्या आत काय होतं ते बघायचं.

आमच्या ओळखीचे एक गाडीचे इलेक्ट्रिशियन आहेत. त्यांनी दाराचं पॅड काढलं. आत चार इंची स्पीकर, गाडी घेतली तेव्हा बाजारातून बसवलेले. त्या काळी आमच्यासारखे लोक गाडी साधी घ्यायचे आणि टेप बाहेरून बसवायचे. कोनच्या कडेला असलेली फोमची कडी हाताला लागताच भुगा होऊन खाली पडली. फोम उन्हाने आणि दमट हवेने कुजतो, त्यात दाराच्या आत दर पावसाळ्यात पाणी उतरणार. उजव्या स्पीकरचा कागदी कोन फाटला होता. डावा त्यांनी दोन्ही अंगठ्यांनी अलगद आत दाबला, तर खर्रर्र असा आवाज आला. म्हणजे आतली कॉईल मॅग्नेटला घासत होती. ही परीक्षा कोणालाही घरी करता येते, फक्त दाब अगदी हलका हवा. चांगल्या जुन्या स्पीकरला नवा कोन बसवून घेण्यात अर्थ आहे. आमच्यासारख्या साध्या स्पीकरला नाही, तेवढ्या पैशांत नवा येतो.

आता नवे कोणते घ्यायचे? खोक्यावर मोठ्या अक्षरांत २५० वॅट, ३०० वॅट लिहिलेलं असतं. ते सोडून द्या. इंजिन चालू असताना गाडीत १४ व्होल्टच्या आसपास वीज असते आणि गाडीचा स्पीकर साधारण ४ ओहमचा असतो. वेगळा अ‍ॅम्प्लिफायर नसेल तर या दोन आकड्यांतून एका स्पीकरला गणिताने २५ वॅटच्या पुढे काही निघत नाही. प्रत्यक्षात १५ ते २० निघतात, टेपवर ५० गुणिले ४ असं छापलेलं असलं तरी. म्हणून स्पीकर किती वॅट सोसतो यापेक्षा मिळालेल्या एका वॅटमध्ये तो किती मोठा बोलतो, हे महत्त्वाचं. तो आकडा खोक्याच्या मागे बारीक अक्षरांत डेसिबलमध्ये दिलेला असतो. ८८ आणि ९१ यांत फरक दिसतो तीनचा, पण ८८ वाल्याला तितकाच आवाज द्यायला दुप्पट वॅट लागतात. मी ९१ वाला घेतला. तो महागही नव्हता.

दुसरी गोष्ट म्हणजे ट्विटर, वरची पट्टी वाजवणारा छोटा स्पीकर. आमच्या जुन्यांत तो नव्हताच. आण्णांचे स आणि श तिथेच हरवले होते. मोठ्या कोनच्या मधोमध ट्विटर बसवलेला असतो त्याला कोअ‍ॅक्सियल म्हणतात. ट्विटर वेगळा मिळणारे संच अधिक चांगले, पण महाग, आणि बसवण्याचं कामही वाढतं.

मापाच्या बाबतीत मी साडेसहा इंचीचा हट्ट धरला होता. इलेक्ट्रिशियनांनी काच पूर्ण खाली घेतली, मोजपट्टी आत घातली आणि म्हणाले, ''साहेब, मॅग्नेट काचेला लागेल.'' शेवटी सव्वापाच इंची घेतले. स्पीकर घेण्याआधी काच खाली करून खोली मोजा, नाहीतर भोक पाडून झाल्यावर पस्तावाल.

खरी जादू मात्र पुढे झाली. स्पीकर नुसता पत्र्याच्या भोकात अडकवला तर पुढून निघालेला आवाज आणि मागून निघालेला आवाज फटीतून भेटतात, एकमेकांना मारतात आणि खर्ज गायब होतो. म्हणून सुताराकडून मरीन प्लायच्या दोन कड्या कापून घेतल्या, त्यांना रंग दिला आणि फटींना फोमची पट्टी लावली. दाराच्या बाहेरच्या पत्र्यावर आतून ब्यूटिलचे तुकडे चिकटवले. आधी बोटाने ठोकलं की पत्रा टण्ण वाजायचा, नंतर ठक्क वाजू लागला. पूर्ण पत्रा झाकावा लागत नाही, मधला भाग पुरतो. छपराला लावायचं स्वस्त डांबरी कापड मात्र वापरू नका, उन्हात त्याचा वास सुटतो आणि ते ओघळतं. दाराच्या तळाची पाणी जाण्याची भोकं मोकळी ठेवा आणि पॅडमागचा प्लॅस्टिकचा कागद परत नीट चिकटवा. हे विसरलात तर पहिल्याच पावसात पाय भिजतील.

वायरिंगला हात लावण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार काढली. जुन्या गाड्यांत कधी कधी स्पीकरची एक तार थेट बॉडीला जोडलेली सापडते, आमच्याकडेही डावीकडे तशीच होती. आजच्या टेपला तसं जोडलं तर तो जळू शकतो, म्हणून दोन्ही बाजूंना नव्या जोडतारा ओढल्या. धन-ऋण उलटं होऊ नये यासाठी दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवून पाहिला. कोन बाहेर आला तर सेलच्या धन बाजूची तार तीच स्पीकरची धन. एक बाजू उलटी राहिली तर दोन्ही स्पीकर वाजतात, पण खर्ज उरत नाही आणि गाणारा माणूस नक्की कुठे आहे तेच कळत नाही.

मागच्या पार्सल ट्रेवर दोन मोठे अंडाकृती स्पीकर होते, ते काढूनच टाकले. त्यांचा घुमारा पुढच्या शब्दांवर चढत होता. पण त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे ती जड वस्तू नुसत्या पुठ्ठ्यासारख्या फळीवर चार स्क्रूंनी अडकवलेली होती. जोरात ब्रेक लागला असता तर ती मागच्या सीटवरच्यांच्या डोक्यात आली असती. तिथे माझी नातवंडं बसतात. वीस वर्षं हे माझ्या लक्षात आलं नाही, याची आजही लाज वाटते.

खर्च सांगतो. स्पीकरची जोडी २,३००, कड्या २५०, ब्यूटिल ७००, तारा, पट्टी, स्क्रू मिळून ३५० आणि मजुरी ६००. एकूण ४,२०० रुपये. टेप जुनाच ठेवला. त्याचं लाउडनेसचं बटण बंद केलं, बास दोन घरं खाली आणला. मध्यम लहरींवरचं केंद्र लावलं तर फार फरक पडणार नाही, कारण तिथे वरची पट्टी मुळातच पोचत नाही. एफएमवर मात्र १५ हजार कंपनांपर्यंतचा आवाज येतो.

पुढच्या फेरीला आण्णांना काहीच सांगितलं नाही. लिंब फाट्याच्या पुढे बातम्या लावल्या. बराच वेळ ते समोर बघत होते. मग म्हणाले, ''अरे, हा निवेदक 'उच्चस्तरीय' नीट म्हणत नाही.''

मी म्हटलं, ''आण्णा, तुम्हाला ऐकू आलं?''

''ऐकू यायला काय झालं? चुकीचं बोलतोय ना तो. आणि जरा हळू कर, केवढ्यांदा लावलायस!''

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)