बिनदोरीचा पतंग

संक्रांतीच्या दिवशी नागपूरच्या गच्चीवर ज्याने मांजा हाती धरला आहे, त्याला आकाशातल्या वस्तूशी हाताचे नाते काय असते, हे सांगावे लागत नाही. पतंग कितीही उंच जावो, त्याची प्रत्येक ओढ बोटाला कळते. हाच मुलगा पुढे मोठा होतो आणि नोकरीच्या निमित्ताने रायपुरास येतो. १९५६ सालापर्यंत ही दोन्ही शहरे एकाच प्रांतात होती. त्यामुळे नागपूरकडच्या मराठी कुटुंबांचा रायपूरशी घरोबा जुना आहे. चाळिशी उलटल्यावर एखाद्या सकाळी गावाबाहेरच्या माळावर त्याला एक निराळेच दृश्य दिसते. दीड मीटर पंखांचे एक विमान घारीसारखे घिरट्या घालीत आहे, आणि जमिनीवर उभा असलेला कॉलेजातला एक मुलगा गळ्यात अडकविलेल्या पेटीच्या दोन दांड्या बोटांनी हलवीत आहे. दांडी हलते तसे विमान वळते, चढते, उतरते. मध्ये दोरी मात्र नाही.

अशा वेळी मनात येणारा पहिला विचार ठरलेला असतो : आपणही असे एक विमान विकत घ्यावे. दुसरा विचार, म्हणजे हे विमान उडविणाऱ्यांच्या मंडळात जावे हा, बहुधा पहिले विमान मोडल्यानंतर सुचतो. तो आधी सुचावा हे बरे.

हे खेळणे आहे, हे खरे. पण विमानविद्येचा पाळणा याच खेळण्याने हलविला आहे. १८७१ साली पॅरिसमध्ये आल्फोन्स पेनो या तरुणाने पिळलेल्या रबराच्या जोरावर चालणारे लहानसे विमान उडवून दाखविले. ते अकरा सेकंद हवेत राहिले. १८७८ साली राइट नावाच्या एका अमेरिकन धर्मोपदेशकाने आपल्या दोन मुलांसाठी असेच रबरावर उडणारे एक खेळणे घरी आणले. ती मुले म्हणजे विल्बर आणि ऑर्व्हिल. त्या खेळण्याने आपल्याला उड्डाणाचा नाद लावला, हे त्यांनी पुढे स्वतःच सांगितले आहे. बिनतारी लहरींनी विमान चालविण्याच्या उद्योगाला १९३०च्या दशकात रूप आले. १९३७ साली अमेरिकेतील वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी उडविलेले ‘गफ’ नावाचे विमान आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयाच्या मालकीचे आहे.

आता एकट्याने हे का साधत नाही, ते पाहू. विमान आपल्यापासून दूर जात असते, तेव्हा उजवी दांडी दाबली की ते आपल्या उजवीकडे वळते. पण तेच विमान वळून समोर येऊ लागले, की त्याचा उजवा हात आपल्या डावीकडे येतो. ही गोष्ट कागदावर कोणालाही समजते. बोटांना मात्र समजत नाही. विमान दहा मीटर उंचीवर असताना विचार करायला दोन सेकंदही मिळत नाहीत, आणि घाबरलेला हात नेमकी उलटी दांडी दाबतो. शिवाय इथे पतंगासारखी ओढ बोटाला कळत नाही. विमान काय करीत आहे, हे केवळ डोळ्यांनीच ओळखावे लागते. मग होते ते इतकेच, की आठवडाभर खपून जोडलेल्या विमानाचे तुकडे गोणपाटात भरून घरी आणावे लागतात. तुकडे विमानाचेच असले तर नशीब म्हणावयाचे. दोन किलो वजनाचे, वेगाने येणारे विमान आणि त्याच्या नाकावर फिरणारा पंखा हे एखाद्या गुराख्याच्या पोराला गंभीर इजा करण्यास पुरेसे असतात.

मंडळ म्हटले की इमारत, पाटी आणि अध्यक्ष डोळ्यांसमोर येतात. पण येथे त्यांची गरज नसते. एक मोकळी जागा, ठरलेला वार, चार-आठ माणसे आणि सर्वांनी मानलेले काही नियम, एवढ्यावर मंडळ उभे राहते. त्यांतला सर्वांत जुना नियम फार बोलका आहे. पूर्वी प्रत्येक यंत्र एका ठरावीक लहरीवर चालत असे. दोघांनी एकाच वेळी एकच लहर वापरली, तर एकाचे विमान दुसऱ्याच्या हुकमाने भरकटून कोसळे. म्हणून मैदानावर एक फळी असे आणि प्रत्येक लहरीसाठी कपडे वाळत घालण्याचा एक चिमटा. ज्याच्यापाशी चिमटा असेल, त्यानेच आपली पेटी चालू करावयाची. इतरांनी वाट पाहावयाची. या शतकाच्या पहिल्या दशकात नवी यंत्रे आली. ती २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात आणि आपापल्या जोडीदाराचीच आज्ञा ओळखतात. त्यामुळे चिमट्यांची निकड उरली नाही. पण आपली पाळी येईपर्यंत थांबण्याची जी सवय त्या चिमट्याने लावली, ती चांगल्या मंडळांत अजून टिकून आहे.

नवख्या सभासदाला पहिल्या दिवशी विमान उडवावयास मिळत नाही. त्याला विमानाचा तोल पाहावयास शिकवितात. पंखाच्या रुंदीचा पुढून सुमारे पाव ते एकतृतीयांश भाग सोडून दोन्ही बाजूंना बोटे टेकवावीत; विमान सपाट राहिले पाहिजे. मागे कलले तर ते आवरत नाही. मग झडपा योग्य दिशेने हलतात का, दूर चालत गेल्यावरही यंत्र आज्ञा ऐकते का, वारा कोठून वाहतो, हे सारे पाहावयाचे. दुखावलेली किंवा फुगलेली लिथियमची बॅटरी पेट घेऊ शकते, म्हणून ती बाजूला ठेवावयाची. पंखा फिरू लागला की त्याच्या पुढे किंवा रेषेत उभे राहावयाचे नाही.

त्यानंतर येते ती जोडपेटी. शिष्याच्या हाती एक पेटी, गुरूच्या हाती दुसरी, आणि दोन्ही एकमेकींना जोडलेल्या. गुरूने एक कळ दाबून धरली की विमान शिष्याचे. कळ सोडली की तत्क्षणी गुरूचे. येथे गुरू पुष्कळदा वयाने लहान असतो. कचेरीत ज्याच्या सहीवाचून कागद हलत नाही, अशा गृहस्थाला विशीतला मुलगा सांगतो, “काका, दांडी दाबू नका, नुसती टेकवा.” गृहस्थ खालच्या आवाजात म्हणतो, “पुन्हा एकदा सांग बाबा.” ते शब्द ज्याच्या तोंडून निघतात, त्याचे निम्मे शिक्षण तेथेच झाले असे समजावे.

रायपूर या छंदाला अनुकूल आहे, पण निष्काळजी माणसाला नाही. शहराभोवती धानाची खाचरे आहेत. त्यांच्या बांधांवर उतरणाऱ्या विमानाची चाके शाबूत राहत नाहीत. तेथील लोक ज्याला भाठा म्हणतात, तो उंचवट्यावरचा मुरमाड माळ मात्र याला उत्तम. मे महिन्यातील उन्हात मोटारीत ठेवलेली बॅटरी बिघडते, पावसाळ्यात माळ चिखलतो. म्हणून हिवाळ्यातली, वारा उठण्यापूर्वीची सकाळ हीच खरी वेळ. मुलांसाठी आणखी एक वाट आहे. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेत विमानांच्या प्रतिकृती करणे आणि उडविणे हा शिक्षणाचाच भाग असतो.

पण शहराच्या आग्नेयेस माना येथे विमानतळ आहे, हे विसरून चालत नाही. २०१२ सालापासून त्याला स्वामी विवेकानंदांचे नाव आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने केलेल्या ड्रोन नियमांत छंदाची, पंचवीस किलोपर्यंतची आणि नजरेच्या टप्प्यात उडणारी विमानेही येतात. त्या नियमांनी विमानतळाच्या हद्दीपासून आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात दोनशे फूट आणि त्यापलीकडच्या मोकळ्या क्षेत्रात चारशे फूट अशी विनापरवानगी उड्डाणाची उंची ठरविली. म्हणून माळ कितीही सुरेख असो, सरकारी नकाशा पाहिल्यावाचून तेथे उडवू नये. उतरणाऱ्या मोठ्या विमानात शे-दीडशे माणसे असतात. त्यांच्यापैकी कोणालाही या खेळाची वार्ता नसते, आणि नसावी.

असे पंधरा-वीस रविवार जातात. एका सकाळी तो गृहस्थ विमानाची दोन वर्तुळे पुरी करतो, वाऱ्याच्या तोंडी वळवितो आणि ते हळूच मुरमावर टेकवितो. मान वळवून पाहतो, तो गुरूची पेटी मघापासून गवतात ठेवलेली, आणि पोरगा हाताची घडी घालून उभा. कळ दाबून ठेवणारी पट्टी त्याने उड्डाणापूर्वीच लावली होती. सारी फेरी शिष्याने एकट्यानेच पुरी केली होती. बाकीचे सभासद टाळ्या वाजवितात, आणि पुढचा माणूस आपली पाळी आली म्हणून विमान उचलतो.