लवकर निवृत्ती कुणाला परवडते?

(हैदराबादमध्ये संशोधक विद्यार्थी आणि नोकरदार मित्रांच्या अभ्यासवर्गात केलेली मांडणी)



आज इथे निम्मे जण संशोधन करणारे आणि निम्मे आयटीत नोकरी करणारे आहेत, म्हणून पगारवाढीबद्दल बोलते.

मोठी पगारवाढ मिळाली की ऑफिसात हल्ली 'फायर' हा शब्द ऐकू येतो. भरपूर बचत करायची आणि चाळिशीतच नोकरीतून मोकळं व्हायचं. हिशोब सोपा आहे. वर्षाच्या खर्चाच्या २५ पट रक्कम साठवा आणि दरवर्षी तिच्यातले ४ टक्के काढून जगा. हा ४ टक्क्यांचा नियम विल्यम बेंगन या अमेरिकी आर्थिक सल्लागाराने १९९४ साली मांडला. त्याने अमेरिकेतल्या शेअर्सची आणि रोख्यांची आकडेवारी घेतली होती आणि निवृत्तीनंतरची ३० वर्षं धरली होती. चाळिशीत थांबणाऱ्याला त्याहून जास्त वर्षं काढायची असतात. पण माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. या गणितातला माणूस एकटा असतो आणि त्याच्या डोक्यावर कुणाचंच देणं नसतं.

माझी बहीण ३० वर्षांची आहे. गेल्या वर्षी तिने कंपनी बदलली आणि हातात येणारा पगार ६५ हजारांवरून १ लाख २० हजार झाला. तिचा स्वतःचा खर्च ४० हजार. तिच्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याचं वय तेच, पगार तोच, खर्चही तोच. त्याच्या आईवडिलांचा फ्लॅट आहे, वडिलांना पेन्शन आहे. तो महिन्याला ८० हजार वाचवतो. दोघांचं लक्ष्य १ कोटी २० लाख. व्याज आणि महागाई बाजूला ठेवली तर त्याला साडेबारा वर्षं लागतात.

आमचे वडील कंत्राटी सफाई कामगार होते. पेन्शन नाही, शेत नाही. बहिणीचे २० हजार घराच्या हप्त्याला जातात, २० हजार आईवडिलांच्या खर्चाला आणि औषधांना, १५ हजार भावाच्या मुलांच्या फीला. उरतात २५ हजार. तिला लागतात ४० वर्षं. तो बेचाळिशीत मोकळा, ती सत्तरीत. आणि तिने नोकरी सोडल्यावरही घर तिच्यावरच असेल, म्हणजे १ कोटी २० लाखही पुरणार नाहीत.

जात पगाराच्या स्लिपवर दिसत नाही. पगार कुठे जातो हे पाहिलं की दिसते.

लवकर निवृत्ती आमच्या वस्तीला नवी नाही. महाराष्ट्रात लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या जागी त्याच्या वारसाला नोकरी मिळते, कामगाराने स्वेच्छानिवृत्ती घेतली तरी. माझ्या काकांनी पन्नाशीत ती घेतली, कारण मुलगा बेकार होता. काका मोकळे झाले आणि झाडू मुलाच्या हातात गेला. एका पिढीच्या विश्रांतीची किंमत दुसऱ्या पिढीने भरली.

मग बहिणीने काय करावं? काही जण म्हणतात, घरी पैसे पाठवणं बंद कर. काही म्हणतात, समाजाचं ऋण असताना स्वतःसाठी कसली बचत? मला दोन्ही पटत नाही.

कांशीराम साहेबांनी पुण्यातल्या संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेतली नोकरी सोडली, तेव्हा त्यांनी २५ पट रक्कम मोजली नव्हती. पुढे ६ डिसेंबर १९७८ला बामसेफ उभी राहिली. शिकलेल्या नोकरदारांनी पैसा, वेळ आणि बुद्धी समाजाला परत द्यावी, हा तिचा आग्रह. पण तो आग्रह मुख्यतः सरकारी नोकरदारांकडे होता. त्यांची नोकरी पक्की होती, मागे पेन्शन होती. १ जानेवारी २००४ पासून केंद्राच्या नव्या भरतीला ती जुनी पेन्शन राहिली नाही. खाजगी क्षेत्रात आरक्षण नाही आणि नोकरीची हमीही नाही. एका ईमेलवर पगार थांबतो. अशा वेळी बहिणीची बचत संपली तर सहा माणसांची चूल विझते. म्हणून तिची बचत हा स्वार्थ नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. पगार वाढला की तीन खाती लिहून काढा : घर, समाज आणि मी. घरचा आकडा घरच्यांसोबत बसून ठरवा, दर फोनला तो बदलू देऊ नका. समाजाचा आकडा लहान असला तरी नियमित ठेवा. तिसरं खातं शून्यावर ठेवू नका, विशेषतः मुलींनी. चाळिशीत निवृत्ती नाही जमणार कदाचित. पण वर्षभराचा खर्च बाजूला असेल, तर जातीवरून टोमणे मारणाऱ्या मॅनेजरसमोर राजीनामा ठेवता येतो. आपल्याला आधी तेवढं स्वातंत्र्य कमवायचं आहे.

जय भीम.