स्किपर, दादा, थला

नाच-गाण्यांची वाट बघत माझं भाषण सोसणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

आज बरीचशी बक्षिसं खेळांची आहेत, म्हणून कप्तानाच्या टोपणनावांबद्दल बोलतो. कप्तान नेमतं मंडळ. त्याला हाक काय मारायची, ते मात्र संघ आणि प्रेक्षक ठरवतात.

इंग्रज खेळाडू म्हणतात ‘स्किपर’, घाईत नुसतं ‘स्किप’. हा शब्द डच दर्यावर्दींकडून आला. मूळ अर्थ जहाज चालवणारा. आपला ‘कर्णधार’ही पाण्यावरचाच. संस्कृतात ‘कर्ण’ म्हणजे सुकाणूसुद्धा. ते धरतो तो कर्णधार. आपल्या कोळीबांधवांचा तांडेल क्रिकेटच्या बातम्यांत कसा आला नाही, याचं मला नवल वाटतं.

जहाजावरचाच शब्द का? नौकास्पर्धा बघा. वल्ही मारणाऱ्यांची पाठ शर्यतीच्या दिशेला असते. पुढचं दिसतं ते सुकाणू धरणाऱ्याला. बर्फावरच्या कर्लिंगमध्ये तर ‘स्किप’ हे अधिकृत पदच आहे. सहकारी दगड सोडतो, तेव्हा स्किप समोरच्या टोकाला ब्रश धरून उभा राहतो आणि नेम कुठे धरायचा ते दाखवतो.

आपल्या देशात मात्र हाक घरातून येते. 2000 साली सामनानिश्चितीच्या प्रकरणानं भारतीय क्रिकेट हादरलं, त्याच वर्षी सौरव गांगुली कर्णधार झाला. युवराज, हरभजन, झहीर ही पोरं त्याच्या हाताखाली मोठी झाली. त्याचं ‘दादा’ हे बंगाली घरातलं थोरल्या भावाचं संबोधन. मराठीत दादाचा दुसराही अर्थ आहे, आणि 2001 साली नाणेफेकीला ऑस्ट्रेलियाचा कप्तान स्टीव्ह वॉ याला ताटकळत ठेवणाऱ्या माणसाला तोही शोभला!

धोनी रांचीचा. पण चेन्नईच्या आयपीएल संघाचा कप्तान झाला आणि चेन्नईकरांनी त्याला ‘थला’ केलं. तमिळमध्ये ‘तलै’ म्हणजे डोकं, त्यावरून थला म्हणजे म्होरक्या. गंमत अशी की ‘कॅप्टन’च्या मुळाशी असलेल्या लॅटिन ‘कापुत’चा अर्थही डोकंच. कुठलं रोम, कुठलं चेन्नईचं चेपॉक मैदान!

असो. आजच्या बक्षिसांच्या यादीत पहिलं नाव मुलींच्या कबड्डी संघाच्या कप्तानाचं आहे. तिला मैदानावर काय म्हणता, असं मघाशी तिच्या संघाला विचारलं. मुली एकमेकींकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, “सर, प्राचार्यांसमोर नाही सांगता येणार.”

ये बाळा, बक्षीस घ्यायला वर ये.