भरताच्या किलोमागे मजुरी किती?

थंडी पडली की जळगावात ठिकठिकाणी भरीत सेंटरं सुरू होतात. आज त्याच भरताबद्दल बोलू.

पूर्वी भरीत ही विकत आणायची वस्तू नव्हती. चातुर्मासात वर्ज्य केलेलं वांगं चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून पानात यायचं, आणि मग शेताशेतांत भरीत पार्ट्या व्हायच्या. बामणोद, भालोदची, नाहीतर बहिणाबाईंच्या आसोद्याची हिरवट, मोठी, कमी बियांची वांगी. त्यांना टोचे मारून, तेलाचा हात लावून कपाशीच्या काड्यांच्या जाळात टाकायची. सोलून लाकडी मुसळीनं ठेचायची. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. टोमॅटो-बिमॅटो काही नाही! सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी.

आता हेच किलोवर तयार मिळतं. 2016 साली जळगावच्या भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पुण्या-मुंबईचे पाहुणे डबे भरून नेतात. ज्या घरात दोघंही कामाला जातात तिथल्या बाईची संध्याकाळ सुटली, हे मला चांगलंच वाटतं. पण एका बाईची सुटलेली मेहनत दुसरीच्या हातात गेली. तिचे डोळे धुरानं चुरचुरतात, बोटं गरम सालांनी पोळतात.

म्हणून गटानं भरीत-भाकरीची गाडी लावायची म्हटलं की मी आधी विचारते, कुठली सोय घ्यायची आणि कुठली नाही? मिक्सर नको. त्यात भरताची चटणी होते, गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही. भाजायला गॅस सोपा, पण मोठं वांगं वरून करपतं, आत कच्चं राहतं आणि तो धुरकट वास येत नाही. काड्याच बऱ्या. मात्र त्या आता पूर्वीसारख्या सहज मिळत नाहीत. गुलाबी बोंडअळीमुळे कपाशी लवकर काढून काड्या शेतात ठेवू नका असं कृषी खातं सांगतं, आणि बरेच शेतकरी ट्रॅक्टरनं त्यांचा भुगा करून टाकतात. तेव्हा शेतकऱ्याशी आधीच बोलून ठेवा. भट्टी उघड्यावर, वाऱ्याची दिशा बघून लावा. भाजायची पाळी बदलती ठेवा. शेंगदाण्याची सालं काढायला, लसूण सोलायला मात्र यंत्र मिळालं तर खुशाल घ्या. त्यात चवीचं काही जात नाही.

आता हिशेबाचं. वहीत वांगी, तेल, शेंगदाणे, काड्या सगळं लिहिलेलं असतं. चार जणींनी सकाळपासून सोललं, ठेचलं, भाकऱ्या थापल्या, ते कुठेच नसतं. वर म्हणायचं, 'नफा झाला!' समजा चौघींचे तीन-तीन तास गेले, तर बारा तास झाले. शेतात निंदायला गेलो असतो तर त्याची मजुरी घेतलीच असती ना? ती आधी लिहा, मग किलोचा भाव ठरवा. शिवाय एक किलो वांगी भाजून सोलली की किलोभर उरत नाहीत, तेही धरा. भाव शेजारच्या सेंटरपेक्षा थोडा जास्त निघाला तर निघू दे.

आणि गरम भरीत पातळ पिशवीत बांधून देऊ नका. तशा पिशव्यांना 2018 पासून राज्यात बंदी आहे, आणि गरम तेलकट पदार्थाला त्या वाईटच. पाटीवर लिहा, 'घरून डबा आणा.' डबा आणणाऱ्याला वर कांद्याची पात आणि दोन तळलेल्या मिरच्या द्या.