शिल्लक कोणाची? नामदार गोखले आणि १९०२ चे अंदाजपत्रक

(उत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



आरती झाली आहे आणि प्रसाद व्हायचा आहे. अशा वेळी अर्थकारणावर बोलायचे म्हणजे वक्त्याची आणि श्रोत्यांची दोघांचीही परीक्षाच! पण माझी सारी नोकरी हिशेब तपासण्यात गेली, तेव्हा दुसऱ्या विषयावर बोललो तर आपणच म्हणाल की, याला यातले काय कळते? म्हणून कार्यकारिणीने विषय विचारला तेव्हा मी लगेच सांगितला : मंदीच्या काळात सरकारच्या आर्थिक धोरणावर सभागृहात होणारी चर्चा.

घराघरांत हे दृश्य ओळखीचे आहे. टीव्हीवर लोकसभेचे कामकाज चालू असते, बाके वाजत असतात, आणि घरातले कोणीतरी म्हणते, "बंद करा हो ते! बहुमत सरकारचे, शेवटी व्हायचे तेच होणार. बोलून उपयोग काय?" प्रश्न खरा आहे. त्याचे उत्तर शोधायला मी आपल्याला सव्वाशे वर्षे मागे नेणार आहे.

आमच्या राजस्थानी मित्रांना 'छप्पनिया काळ' हा शब्द समजावून सांगायला नको. विक्रम संवत १९५६, म्हणजे इसवी सन १८९९-१९०० चा तो भीषण दुष्काळ. इकडच्या खेड्यापाड्यांत त्याचे नाव आजही निघते. आपल्या महाराष्ट्राने त्याआधी १८९६-९७ चा दुष्काळ सोसला होता, आणि त्याच सुमारास मुंबई-पुण्यात प्लेग आला होता. त्या काळी 'मंदी' हा शब्द आजच्यासारखा तोंडी नव्हता. शेतीवर जगणाऱ्या देशात दुष्काळ हीच मंदी. पीक बुडाले की विणकराचा माग थांबतो, लोहाराचा भाता थांबतो आणि सोनाराकडे लोक दागिने घडवायला नव्हे, मोडायला जातात.

अशा काळानंतर २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्यात व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात अंदाजपत्रकावर चर्चा झाली. अध्यक्षस्थानी लॉर्ड कर्झन, अर्थखाते सर एडवर्ड लॉ यांच्याकडे. सरकारी हिशेबात सुमारे ७ कोटी रुपयांची शिल्लक होती. तेव्हाचे ७ कोटी, हे ध्यानात घ्या! सभासद अर्थमंत्र्यांचे अभिनंदन करीत होते. मग कोकणातल्या कोतळूकला जन्मलेले, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकवणारे ३५ वर्षांचे गोपाळ कृष्ण गोखले उभे राहिले. त्या मंडळात अंदाजपत्रकावरचे त्यांचे हे पहिलेच भाषण. त्यांनी आरंभीच सांगितले की, या अभिनंदनात मनापासून सामील होणे मला शक्य नाही. लोक हालअपेष्टांतून जात असताना वर्षामागून वर्षे तिजोरीत शिल्लक पडते, याचा अर्थ लोकांची स्थिती आणि सरकारी हिशेब यांचा मेळ राहिलेला नाही, हा त्यांचा मुद्दा होता.

सोपे उदाहरण देतो. समजा, आपल्या मंडळाच्या वार्षिक सभेत खजिनदारांनी सांगितले की, यंदा भरघोस शिल्लक उरली. आपण टाळ्या वाजवू. पण कोणी उठून विचारले, "महाप्रसादाला निम्मी पंगत उपाशी उठली, आणि वर्गणी मात्र दुप्पट घेतलीत, तीच का ही शिल्लक?" तर टाळ्या थांबतील की नाही? गोखल्यांनी तेच विचारले.

ही शिल्लक आली कुठून? इथे थोडे गणित आहे, पण कंटाळू नका. हिंदुस्थान सरकारला दरवर्षी विलायतेत पौंडात मोठी रक्कम पोचवावी लागे : पेन्शने, कर्जावरचे व्याज वगैरे. चांदी घसरली तसा रुपयाही घसरला, आणि १८९४-९५ च्या सुमारास तो १३ पेन्सांवर आला. एका पौंडाचे २४० पेन्स, म्हणजे पौंडाला साडेअठरा रुपये पडू लागले. ही तूट भरायची म्हणून सरकारने कर वाढवले. पुढे चांदीची नाणी पाडून देणाऱ्या टांकसाळी लोकांसाठी बंद केल्याचा परिणाम दिसू लागला आणि रुपया १६ पेन्सांवर चढला. आता पौंडाला पंधराच रुपये. दर पौंडामागे साडेतीन रुपये वाचू लागले, पण वाढवलेले कर मात्र तसेच राहिले. गोखल्यांचे म्हणणे असे की, ज्या अडचणीसाठी कर बसवला ती अडचण सरली, मग कर का सरला नाही? ही शिल्लक भरभराटीची नाही, जास्त वसुलीची आहे.

त्या करांतला सर्वांत बोचणारा कर मिठावरचा. १८८८ मध्ये तो मणामागे २ रुपयांवरून अडीच रुपयांवर नेला होता. मण म्हणजे सुमारे ३७ किलो. जयपूरकरांना हे लांबचे वाटायला नको. आपल्यापैकी बहुतेकांनी सांभर सरोवर पाहिले आहे. जयपूर आणि जोधपूर या दोन्ही संस्थानांचा हक्क असलेले ते सरोवर १८७० च्या सुमारास इंग्रज सरकारने करारांनी भाडेपट्ट्यावर घेतले आणि तिथल्या मिठावर आपला कर बसवला. श्रीमंत असो वा मजूर, मीठ दोघांना सारखेच लागते. उलट ज्याच्या ताटात भाकरीबरोबर दुसरे काही नाही, त्याला ते अधिकच लागते. म्हणून हा कर गरिबाच्याच खिशाला जास्त कापतो, आणि तो आधी उतरवा, अशी गोखल्यांची मागणी होती.

इथे एक गोष्ट हळूच सांगावीशी वाटते. मराठी माणसाची आणि जयपूरची जुनी ओळख काही फार गोड नाही. त्रिपोलियाजवळची ईसरलाट उभारणाऱ्या सवाई ईश्वरीसिंहांनी १७५० मध्ये, होळकरांची फौज वसुलीसाठी चालून येत असताना, स्वतःचे जीवन संपवले. तेव्हा आमची ओळख 'वसुली करणारे' अशी होती. दीडशे वर्षांनी एका मराठी माणसाने भर सभेत, साऱ्या देशाच्या वतीने, उलटा प्रश्न विचारला : इतकी वसुली कशासाठी? मला याचा अभिमान वाटतो तो मराठीपणापेक्षा त्या प्रश्नामुळे.

आता मुख्य मुद्दा. बोलून उपयोग काय झाला? त्या मंडळात बिनसरकारी सभासदांना अंदाजपत्रकावर बोलता येत होते, पण मत देता येत नव्हते. कपातीची सूचना नाही, मतदान नाही. एवढ्या अपुऱ्या अधिकारावर गोखल्यांनी भर दिला तो अभ्यासाने. न्यायमूर्ती रानड्यांच्या हाताखाली ते वर्षानुवर्षे सरकारी अहवाल वाचायला शिकले होते. आकडे जुळवायला सोलापूरचे गणेश व्यंकटेश जोशी यांच्यासारख्या जाणकाराची मदत होती. सरकारचेच आकडे घेऊन ते सरकारला हिशेब विचारीत, त्यामुळे 'हे खोटे आहे' असे म्हणायची सोय उरत नसे.

दुसऱ्याच वर्षी, १९०३ मध्ये, मिठावरचा कर २ रुपयांवर आला आणि आयकराची सूट ५०० वरून १००० रुपयांच्या उत्पन्नापर्यंत वाढली. १९०५ मध्ये मिठाचा कर दीड रुपया झाला, १९०७ मध्ये एक रुपया. हे सारे एकट्या गोखल्यांनी केले असे मी म्हणणार नाही. दादाभाई नौरोजी, रमेशचंद्र दत्त यांच्यासारखे अनेकजण तोच धोशा लावून होते, आणि तिजोरीत पैसा होताच. पण तो पैसा कोणाचा, हा प्रश्न सभागृहात नोंदला गेल्यावर सरकारला तो टाळणे कठीण झाले.

मताचा अधिकार नसला की काय होते तेही पाहा. १९२३ मध्ये विधिमंडळाने नकार दिला असतानाही व्हाइसरॉयने आपल्या खास अधिकारात मिठावरचा कर दुप्पट केला. म्हणूनच आपल्या घटनेच्या २६५ व्या कलमात स्पष्ट लिहिले आहे की, कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर बसवता वा वसूल करता येणार नाही. हे साधे वाक्य फार मोठ्या किमतीला मिळाले आहे.

आपल्या आठवणीतले उदाहरण २००८-०९ च्या जागतिक मंदीचे. परदेशी मागणीवर चालणाऱ्या जोहरी बाजाराला त्या वाऱ्याची झळ कशी लागते, हे इथे बसलेल्यांना मी काय सांगणार! त्या वर्षी केंद्राची वित्तीय तूट अंदाजपत्रकात २.५ टक्के धरली होती, ती सुधारित अंदाजात राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्क्यांवर गेली. २४ फेब्रुवारी २००९ रोजी अंतरिम अंदाजपत्रकावरच्या चर्चेला लोकसभेत उत्तर देताना प्रणव मुखर्जींनी उत्पादन शुल्क १० वरून ८ टक्के आणि सेवा कर १२ वरून १० टक्के केला. १९०२ मध्ये प्रश्न शिलकेचा होता, २००९ मध्ये तुटीचा. पण विचारायचे ते एकच : हा पैसा कोणाकडून आला आणि कोणाकडे गेला?

आज खासदारांना मताचा, कपात सूचनेचा, सारा अधिकार आहे. तरी अनेक मंत्रालयांच्या मागण्या शेवटच्या दिवशी चर्चेविना एकदम मताला टाकल्या जातात. त्याला संसदेच्या भाषेत 'गिलोटिन' म्हणतात. गोखल्यांकडे मत नव्हते, पण तयारी होती. आपल्याकडे मत आहे. तयारीचे काय, हे प्रत्येकाने आपापल्या मनाला विचारावे. मतदार म्हणून तो प्रश्न आपल्यालाही लागू आहे.

म्हणून तरुण मित्रांना एवढीच विनंती की, अंदाजपत्रकाच्या दिवशी 'काय स्वस्त, काय महाग' यावर थांबू नका. पुढच्या चार दिवसांची चर्चाही वाचा. कोण ओरडला यापेक्षा कोणी आकडा मांडला ते पाहा. आणि सुरुवात घरापासून करायची असेल, तर याच स्मरणिकेच्या पानांतला मंडळाचा जमाखर्च नीट वाचा आणि वार्षिक सभेत एक तरी प्रश्न विचारा. खजिनदार रागावणार नाहीत, याची हमी मी त्यांच्या वतीने देतो!

गणराय ही बुद्धीची देवता. ती बुद्धी हिशेब विचारण्यासाठी आणि हिशेब देण्यासाठी आपणा सर्वांना लाभो, ही श्रींच्या चरणी प्रार्थना. 

गणपती बाप्पा मोरया!