अण्णांचे दीर्घायुष्य आणि घरची माणसे



‘घरातले वडीलधारे’ या विषयावर तू चार शब्द बोल, असे चालकबाईंनी सांगितले तेव्हा मी म्हटले, अहो, माझे शिक्षण सातवी. पोळ्या पन्नास सांगा, भाषण नको. पण त्या ऐकेनात. तेव्हा जे वाचले आणि जे घरात पाहिले, तेवढेच मी आपल्यापुढे ठेवते.

वडीलधारे म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे पहिल्याने अण्णा कर्वे येतात. त्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा आणि मृत्यू ९ नोव्हेंबर १९६२ चा. एकशे चार वर्षे पुरी करून वर साडेसहा महिने! आपण थोरांच्या पाया पडलो की ‘शंभर वर्षांची हो’ असा आशीर्वाद मिळतो. तो खरोखर फळला तर काय करायचे, याचा विचार आपण करीत नाही. अण्णांनी तो केला होता असे दिसते.

त्यांचे घर कोकणातले, दापोलीजवळच्या मुरूडचे, आणि परिस्थिती बेताची. परीक्षेला बसण्यासाठी हा मुलगा मुरूडहून सह्याद्री ओलांडून साताऱ्याला पायी गेला. वाट सुमारे ११० मैलांची, आणि पावसाचे दिवस. तेथे पोचल्यावर साहेबांनी पाहिले, मुलगा किरकोळ, वयाने लहान दिसतो. परीक्षेला बसू दिले नाही. आले तसे परत. आपण असतो तर म्हटले असते, नशिबात विद्या नाही. त्यांनी शिक्षण सोडले नाही. पुढे १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून ते बी. ए. झाले, आणि १८९१ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले.

त्याच १८९१ साली त्यांची पत्नी राधाबाई वारल्या. मुलगा रघुनाथ तेव्हा नऊ वर्षांचा. दुसरे लग्न करायचे तर विधवेशीच, असे अण्णांनी ठरविले, आणि ११ मार्च १८९३ रोजी गोदूबाईंशी लग्न केले. गोदूबाई बालविधवा. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या, पण सगळे त्यांना बाया म्हणत. या लग्नापायी मुरूडकरांनी अण्णांना वाळीत टाकले. ज्या गावाच्या मातीत वाढायचे तेथेच आपल्या माणसांच्या पंक्तीला बसता येऊ नये, हे दुःख काय असते ते खेड्यात राहणाऱ्या आपल्याला वेगळे सांगायला नको.

१८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. पुढे १९०० साली तो हिंगण्याला माळरानावर, एका साध्या झोपडीत नेला. अण्णा कॉलेजात शिकवून सायंकाळी पुण्याहून पायी तिकडे जात. तेथल्या मुलींना शिकवायचे आणि त्यांना लागणारा जिन्नसही न्यायचा. पावसाळ्यात तो रस्ता म्हणजे सगळा चिखल. आज त्या हिंगण्याला कर्वेनगर म्हणतात, आणि तेथे आता माळ शोधून सापडत नाही.

आता मी माझ्या मुद्द्यावर येते. अण्णा आश्रमात जात होते त्या वेळी घरी कोण होते? बाया होत्या. रघुनाथ होता आणि पुढे शंकर, दिनकर, भास्कर असे बायांचे तीन मुलगे झाले. पगार हातात येई, पण त्याला पाय फुटलेले. पैसा आणि वेळ, दोन्हींची ओढ आश्रमाकडे. बायांनी घरात शिकणारी मुले ठेवून त्यांना जेवू घातले, संसाराला हातभार म्हणून सुईणपण शिकून घेतले. त्यांनी आपली सगळी हकीकत ‘माझे पुराण’ या पुस्तकात लिहिली आहे. माझ्या मुलीने मला ते वाचून दाखविले. ज्या बाईने इतके सोसले तिने इतक्या मोकळेपणाने आणि हसतहसत लिहावे, याचे मला नवल वाटते. सूनबाई इरावतीबाई मोठ्या विदुषी. त्यांनीही सासऱ्यांवर लिहिले आहे. त्यात आदर तर आहेच, पण घराने काय किंमत दिली तेही लपविलेले नाही. मला वाटते, आपल्या माणसाची आठवण अशीच काढावी. नुसती आरती केली तर माणूस दूर जातो. नुसत्या तक्रारी मांडल्या तर तो लहान होतो.

वसंत कानेटकरांचे ‘हिमालयाची सावली’ हे १९७२ चे नाटक आपल्यापैकी काहींनी पाहिले असेल. अण्णांच्या घरावरून ते सुचले असे म्हणतात. हिमालय सगळ्या जगाला दिसतो. त्याच्या सावलीत जो संसार चालतो, तो ज्याचा त्याला ठाऊक.

पण अण्णांचेही दुसरे अंग पाहा. साठीला आलेला पुरुष आपल्याकडे ओटीवर बसून पंचांग पाहतो. अण्णांनी ५८ व्या वर्षी, १९१६ मध्ये, स्त्रियांचे विद्यापीठ काढले. जपानात बायकांचे विद्यापीठ आहे हे वाचून ही कल्पना त्यांच्या मनाने घेतली. पुढे १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाख रुपयांची देणगी दिली, आणि त्यांच्या मातोश्रींचे नाव त्या विद्यापीठाला लागले : श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. ७१ व्या वर्षी, १९२९ मध्ये, अण्णा युरोप, अमेरिका, जपान असा जगाचा प्रवास करायला निघाले. ७८ व्या वर्षी खेडोपाडी प्राथमिक शाळा काढण्यासाठी मंडळ स्थापिले, आणि त्याला आपल्या पेन्शनीतून महिना १५ रुपये देऊ लागले. ८६ व्या वर्षी समता संघ काढला. बायांनो, या वयात आपण माणसाच्या हाती जपमाळ देतो!

दीर्घायुष्याला दुसरीही बाजू असते. १९५० मध्ये बाया गेल्या. १९५३ मध्ये रघुनाथराव गेले. त्यांनी संततिनियमनाचे काम केले, त्यापायी प्राध्यापकाची नोकरी गमावली, आणि १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. ९५ वर्षांच्या बापाने ७१ वर्षांच्या मुलाचा मृत्यू पाहिला. १९५८ मध्ये शंभरी भरली, भारतरत्न मिळाले, टपालाच्या तिकिटावर चित्र आले. पण हे पाहायला बाया नव्हत्या. शंभर वर्षांचा आशीर्वाद देताना हेही त्यात येते.

आता थोडे घरचे सांगते. माझे वडील मावळातले साधे शेतकरी. भात आणि दोन म्हशी, एवढाच त्यांचा कारभार. गेल्या श्रावणात ते ८४ वर्षांचे होऊन गेले. मी सातवी पास झाले तेव्हा पुढची शाळा पाच किलोमीटरवर होती. वडील म्हणाले, ‘पोरीनं एवढं चालत कशाला जायाचं?’ झाले, माझी शाळा तेथेच संपली. मी रडले, पण त्या काळी वडिलांपुढे बोलण्याची रीत नव्हती.

पुढे माझी मुलगी बारावी झाली. पुण्याला शिकायला पाठवायची की नाही, यावर आमच्या घरी खल चालला होता. एके दिवशी वडील काठी टेकीत आले. ओटीवर बसले. पाणीसुद्धा घेतले नाही. माझ्या सासऱ्यांना म्हणाले, ‘पाव्हणं, हिच्या आईला म्या थांबिवलं. हिला तुमी थांबवू नका.’ सगळे गप्प झाले. मैत्रिणींनो, तीस वर्षे मी ज्या शब्दांची वाट पाहिली होती ते त्यांनी मला नाही, माझ्या देखत दुसऱ्याला सांगितले. मला तेवढे पुरले.

मुलीचे नाव कर्वे रस्त्यावरच्या त्याच ठाकरसी विद्यापीठाच्या कॉलेजात घातले. पहिला महिनाभर आजोबा रोज नातीबरोबर वडगाव स्टेशनावरून लोकलने शिवाजीनगरपर्यंत जात, तिला बसमध्ये बसवीत, आणि भाकरी सोडून तेथेच कुठे सावलीला तिची वाट पाहत. सारे गाव त्यांचे कौतुक करी. मलाही अभिमान वाटे. पण दिवस आषाढाचे, ऐन भातलावणीचे. त्या महिन्यात म्हशींची धार कोणी काढली? वैरण कोणी आणली? चिखलात वाकून रोपे कोणी लावली? माझ्या आईने. तिला मी तसे म्हटले तर म्हणाली, ‘नात शिकत्येय, म्हातारा गाडीत बसतोय, मला काय झालंय?’ आणि कमरेला हात लावून उठली.

म्हणून माझे एवढेच मागणे आहे. आपल्या मंडळाने या वर्षी घरोघरच्या वृद्धांच्या आठवणी उतरवून घ्याव्यात. ज्यांना लिहिता येते त्यांनी लिहावे, ज्यांना येत नाही त्यांचे आपण ऐकावे. मात्र आजोबांचे पान लिहिले की त्याच वहीत आजीचेही पान असावे. आजोबांनी काय केले हे चारचौघे सांगतात. ते करता यावे म्हणून आजीने काय केले, हे आपणच विचारायला हवे, आणि ती आहे तोवर विचारायला हवे. माझी आई आज ७८ वर्षांची आहे. वहीचे पहिले पान मी तिच्यापासून सुरू करीत आहे.

दुसरे असे की, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला लवकर कोपऱ्यात बसवू नका. अण्णांनी ७८ व्या वर्षी खेड्यांतल्या मुलांसाठी शाळा काढल्या. माझ्या वडिलांनी ऐंशीच्या घरात एका मुलीची वाट मोकळी केली. दोन्ही कामे सारखी नाहीत हे मला कळते. पण दोघांनीही आपले वय आड येऊ दिले नाही.