तहाचा कागद आणि राज्याचा वारसा
(जुहू येथें दिलेलें व्याख्यान)



तह, करारमदार हें दरबारचें काम, आपल्याला त्याचें काय, असें पुष्कळजण म्हणतात. आम्ही मराठी शाळेंतले मास्तर. बारिस्टरांची भाषा आम्हांला येत नाहीं. पण जमिनीचा कागद वाचतां येतो, आणि आजच्या विषयाला तेवढें पुरे आहे.

ही जुहूची वाळू साष्टी बेटांतली. दोनशें वर्षें ती फिरंग्यांच्या अमलाखालीं होती. १७३९ पर्यंत मराठ्यांनीं ती जिंकली. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनीं ठाणें घेऊन साष्टी बळकावली, व १७८२ च्या सालबाईच्या तहानें ती त्यांच्याकडेच राहिली. धनी बदलत गेले, सारा भरणारे तेच राहिले.

इंग्रजांशीं ही लढाई चालू असतांनाच, १७ डिसेंबर १७७९ रोजीं, पेशव्यांनीं चाळीस वर्षांपूर्वीं हाकललेल्या त्याच फिरंग्यांशीं पुण्यास दोस्तीचा तह केला. अडचणीच्या वेळीं जुना वैरीही सोयरा होतो! मोबदल्यांत दमण भागांतील बारा हजार रुपये वसुलाचीं गांवें लावून द्यावयाचीं ठरलीं, आणि १७८३ व १७८५ सालीं तीं दिलीं गेलीं. हीच दादरा व नगरहवेली. तेथल्या वारल्यांना कोणीं विचारलें? कोणींच नाहीं.

पेशवाई बुडाली, इंग्रज आले. त्यांनीं फिरंग्यांना तेथून हलविलें नाहीं, तेच धनी असें धरून चालले. १९४७ त इंग्रजही गेले. १९५४ च्या जुलैंत दादरा व ऑगस्टांत नगरहवेली मोकळी झाली. तेव्हां पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयांत गेलें. म्हणणें असें कीं, १७७९ च्या तहानें हीं गांवें आमचीं, म्हणून दमणहून तेथें माणसें व फौज नेण्याचा हक्कही आमचा.

निकाल १२ एप्रिल १९६० रोजीं लागला. तह झालाच नाहीं, हें आपल्या सरकारचें म्हणणें न्यायालयानें मानलें नाहीं, आणि तें योग्यच झालें. बापाची सही नाकारून वारसाची अब्रू वाढत नाहीं. पण तहानें दिलें काय? कागदांतले शब्द होते जहागीर व सरंजाम. मराठ्यांना मुलूख राज्यासकट द्यावयाचा असे तेव्हां ते कायमचा म्हणून तसें स्पष्ट लिहीत. येथें तसें लिहिलेलें नव्हतें. म्हणजे मिळाला तो वसूल, राज्य नव्हे. हा भेद कोणताही कुणबी सांगेल: जहागिरदार सारा खातो, तेवढ्यानें तो राजा होत नाहीं. फिरंग्यांचें राज्य तेथें मानलें गेलें तें पुढें, इंग्रजांच्या व मागाहून आपल्याही वागणुकीमुळें.

आतां वाटेचा प्रश्न. शेत विकत घेतलें तरी त्यांतून चालत आलेली वहिवाटीची वाट नव्या धन्याला एकाएकीं मोडतां येत नाहीं. न्यायालयानेंही तसेंच म्हटलें. सवाशें वर्षांहून अधिक काळ माणसें, मुलकी अंमलदार व माल जात होता; इंग्रज जाऊन आपण आलों म्हणून ती वहिवाट तुटली नाहीं. फौज व हत्यारांची गोष्ट मात्र वेगळी. तीं पूर्वींही परवानगीनेंच जात. १८७८ च्या तहांत तसें कलमच होतें. म्हणून फौजेला हक्क नाहीं. या मुद्यावर मतें आठ विरुद्ध सात पडलीं. १९५४ त वाट अडविली यांतही भारताचा दोष नाहीं, असें नऊ विरुद्ध सहा मतांनीं ठरलें.

पोर्तुगालपाशीं दोस्तीचा आणखी एक मोठा कागद होता. १९४९ च्या उत्तर अटलांटिक करारांत तें पहिल्यापासून सामील. एकावर हल्ला तो सर्वांवर हल्ला, असा तो करार. परंतु त्यांतच हद्द लिहिलेली होती: मुख्यतः युरोप, उत्तर अमेरिका, आणि समुद्राकडे कर्कवृत्ताच्या उत्तरेचा अटलांटिक. गोवें त्यांत कोठून येणार? १९६१ च्या डिसेंबरांत भारताची फौज गोव्यांत शिरली, तेव्हां एकाही दोस्ताचें सैन्य धांवून आलें नाहीं.

अखेर ३१ डिसेंबर १९७४ रोजीं दिल्लीस नवा तह झाला, आणि गोवें, दमण, दीव, दादरा व नगरहवेली यांवरील भारताचें राज्य पोर्तुगालनें मान्य केलें. आपल्या बाजूची सही परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण यांची. देवराष्ट्रे गांवीं जन्मलेले, शेतकरी घराण्यांतले.